मर्यादवेलीच्या अलीकडे, मुलांसह : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात सुट्टीतल्या भटकंतीविषयी लिहिताना कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील वाळूच्या टेकाडांचा उल्लेख एका ओळीत येऊन गेला होता. त्या एका ओळीवर अपेक्षेपेक्षा बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या शाळेच्या पाचवीच्या वर्गाची सहल जानेवारीत एका मुक्कामासाठी दापोली तालुक्यात जाणार आहे. मुले ३२ आहेत. मला त्यांना वाळूच्या टेकाडावर न्यावेसे वाटते. परंतु ‘तेथे नुसती वाळू आहे, दीड तास मुले करणार काय?’ असे माझे सहकारी म्हणतात. मुलांना नेमके काय दाखवावे? (एक शिक्षिका, सातारा)

आपल्या सहकाऱ्यांना दोष देता येणार नाही. दुपारी बारा वाजता बसमधून उतरून टेकाडाकडे पाहिले, तर वाळू, तिच्यावर पसरलेली एक वेल आणि कोणीतरी टाकलेली बाटली यांखेरीज तेथे काही दिसत नाही. टेकाड सकाळी पाहावे आणि बसून पाहावे. मुलांना किती लांब चालवायचे हा विचार सोडून द्या. भरतीच्या ओल्या रेषेपासून माडांच्या कुंपणापर्यंत जे शंभरएक पावलांचे अंतर असते, तेवढेच समुद्राकडून जमिनीकडे सरळ रेषेत, थांबत थांबत पार करा. या अंतरात वाळू, वेल, गवत, झुडूप आणि झाड ज्या क्रमाने येतात तो क्रम कोणी शिकवण्यापूर्वी मुलांना आपणहून दिसला, तर सहलीचे पैसे वसूल झाले असे मी समजतो.

आपला मुक्काम असल्याने एक प्रयोग आदल्या दिवशीच मांडून ठेवता येईल. जानेवारीत सकाळचा वारा जमिनीवरून समुद्राकडे अगदी हलका वाहतो आणि त्याने वाळू हलत नाही. दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटला की मात्र कोरडी वाळू चालू लागते. त्या वेळी मुलांकडून तीन-चार करवंट्या कोरड्या वाळूवर पालथ्या घालून घ्याव्यात. मग मुलांना उकिडवे बसवून विचारावे, की वाळू कोठे टोचते? ती घोट्याला आणि फार तर पोटरीला टोचते, चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही, कारण वाळूचा कण धुळीसारखा तरंगत जात नाही, तो उड्या मारत जातो, आणि खाली पडताना दुसऱ्या कणाला टोला देऊन त्यालाही उडवतो. करवंटीच्या आडोशाला वारा मंदावतो आणि आणलेली वाळू तेथेच टाकून देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक करवंटीमागे वाळूची एक निमुळती शेपटी तयार झालेली दिसेल. करवंटीच्या जागी वेलींचे जाळे आणि एका दुपारच्या जागी शेकडो वर्षे कल्पिली, म्हणजे टेकाड कसे उभे राहते हे सांगण्यासाठी फळा लागत नाही.

सकाळी सुरुवात वाळूच्या कणापासून करावी. साधा लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळून वाळूतून फिरवला की काळे कण पिशवीला बाहेरून चिकटतात आणि चुंबक काढून घेतला की गळून पडतात. (पिशवी विसरलात तर ते कण चुंबकावरून काढताना अख्खी सहल संपेल, हा स्वानुभव आहे.) हे कण लोह आणि टायटॅनियम यांच्या खनिजांचे असतात, रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्याची वाळू अशा खनिजांसाठी प्रसिद्धच आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट झिजून नद्यांवाटे समुद्रात येतो, त्यातला हा जड भाग लाटा किनाऱ्यावर निवडून ठेवतात. त्याच वाळूतले पांढरे कण वेगळे करून त्यांवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकले आणि बुडबुडे आले, तर ते शिंपल्यांचे तुकडे आहेत असे समजावे.

त्यानंतर वेल येते. तिचे मराठी नाव मर्यादवेल असे आहे आणि ते मुलांना आधी सांगू नये. वेल समुद्राच्या दिशेने जेथे थांबते तेथे मुलांना ओळीने उभे करावे आणि ‘हिला तुम्ही काय नाव द्याल?’ असे विचारावे. पान मध्यभागी दुभंगलेले असते, त्यामुळे बहुतेक मुले ‘आपटा’ म्हणतात. शास्त्रज्ञांना ते शेळीच्या खुरासारखे दिसले आणि तिच्या लॅटिन नावात तोच अर्थ आहे. वेलीचा एक दोर निवडून त्याच्या कडेने मुलांनी बसत बसत पुढे जावे आणि पेरी मोजावीत. जवळजवळ प्रत्येक पेराशी खाली मुळे फुटलेली असतात. वर वाळू येऊन पडली तर वेल गुदमरत नाही, ती वाळूतून वर येते, पुन्हा पसरते आणि नवी वाळू अडवते, असा हा व्यवहार आहे. फुले गुलाबी-जांभळी, गारवेलीच्या फुलांसारखी असतात, सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. भिंग असेल तर पानाचा देठ जेथे पात्याला मिळतो तेथे पाहावे. दोन बारीक ग्रंथी दिसतील आणि नशीब असेल तर तेथे गोड रस चाटणारी मुंगीही दिसेल.

वेलीत मिसळून किंवा तिच्या थोडे वर एक ताठ, करड्या-हिरव्या रंगाचे काटेरी गवत असते. वनस्पतिशास्त्रात त्याला स्पिनिफेक्स म्हणतात. तमिळ लोक त्याला ‘रावणाची मिशी’ म्हणतात आणि एकदा बोटाला टोचले की ते नाव पटते. त्याचे मादी फुलोरे सर्व बाजूंनी काटे असलेल्या मोठ्या चेंडूसारखे असतात. ते सुटून वाऱ्याबरोबर पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या मोकळ्या वाळूवरून, गडगडत जातात आणि वाटेत बी टाकत जातात. मुलांना त्यांची शर्यत लावू द्यावी. यात झाडाचे नुकसान तर नाहीच, उलट त्याचे काम होते. मात्र या गवताची पाती डोळ्यांच्या उंचीला येतील अशा रीतीने लहान मुलांना तेथे वाकू देऊ नये.

टेकाडाच्या पाठीमागे, जेथे वारा आणि खारा तुषार कमी पोहोचतो, तेथे निर्गुंडी, केवडा, रुई आणि त्याही मागे उंडी व माड भेटतात. येथे फार वेळ घालवू नये, कारण मुलांचे लक्ष तोवर संपत आलेले असते. त्याऐवजी एखाद्या झाडाखालच्या कोरड्या वाळूत नरसाळ्यासारखे बोटभर रुंदीचे खड्डे शोधावेत. त्यांच्या तळाशी एका कीटकाची अळी जबडे उघडून दडलेली असते. हा कीटक पुढे पंख फुटल्यावर चतुरासारखा दिसतो. काडीच्या टोकाने दोन कण खड्ड्यात ढकलले की अळी मुंगी आली असे समजून खालून वाळू फेकू लागते. असा एक खड्डा आठ मुलांना दहा मिनिटे निमूट बसवतो, आणि ही गोष्ट मी तरी वर्गात साधू शकलेलो नाही.

३२ मुले एकदम नेऊ नयेत. सहा-सात मुलांमागे एक मोठे माणूस असे गट करावेत, प्रत्येक दोन मुलांना हातभर सुतळीचे एक कडे द्यावे आणि त्या कड्यात रात्रभरात कोण कोण येऊन गेले ते पावलांच्या खुणांवरून शोधायला सांगावे. खेकड्याचे टाचणीने टोचल्यासारखे ठसे, भुंगेऱ्याची दोन्ही बाजूंना टिंबे असलेली रेघ, टिटवीची तीन बोटे आणि कुत्र्याची किंवा कोल्ह्याची पावले हे सारे ऊन वर येण्यापूर्वी स्पष्ट असते. चालताना रापणकरांची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांची, जी जुनी पायवाट असते तिच्यावरूनच एकामागून एक जावे. उतारावरून घसरगुंडी खेळण्याचा मोह मोठ्यांनाही होतो. परंतु ३२ मुले एकाच उतारावरून दहा-दहा वेळा घसरली, तर तेथली वेल तुटते, उघड्या पडलेल्या जागी वारा शिरतो आणि पुढच्या वर्षी तेथे खिंड पडलेली दिसते. हे कारण सांगितले तर मुले ऐकतात. ‘नको’ एवढेच सांगितले तर ऐकत नाहीत.

आपला मार्ग केळशीवरून जात असेल तर भारजा नदीच्या मुखाजवळचे मोठे टेकाड लांबून का होईना दाखवावे. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तेथल्या वाळूच्या थरांत जुन्या मानवी वस्तीच्या खुणा नोंदवल्या आहेत, त्यामुळे त्या टेकाडात इतिहासाचाही तास होऊ शकेल.

प्रश्न : आमची मुले चार आणि सात वर्षांची आहेत. फुरसे, ऊन आणि भरती या तिन्हींची भीती वाटते. मुलांना नेण्याचे योग्य वय, वेळ आणि काळजी यांविषयी सांगावे. (एक आई, ठाणे)

वय कोणतेही चालेल. चार वर्षांचे मूल वाळूच्या अधिक जवळ असल्यामुळे पुष्कळदा आधी पाहते. महिने मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच निवडावेत. एप्रिल-मे मध्ये दुपारी कोरड्या वाळूचा पृष्ठभाग ५० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि पातळ चपलेतूनही पाय भाजतो. सूर्योदयानंतर लगेच निघावे आणि नऊच्या सुमारास परतावे.

भरतीसाठी पंचांग पुरते. कोकणात जुन्या लोकांचा हिशेब असा आहे, की तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. तृतीयेला तीनाची पाऊणपट म्हणजे सव्वादोन. दुपारी सव्वादोनच्या आसपास भरती, तर त्याआधी सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, द्वितीया ते चतुर्थी हे दिवस सकाळच्या फेरीला उत्तम, कारण ओली पुळणही मोकळी मिळते. अष्टमीला सकाळी सहाला भरती असते. त्या दिवशी लहान मुलांना घेऊन जाऊ नये असे नाही, परंतु चालायला जागा कमी उरते. हा हिशेब अंदाजाचा आहे. खाडीच्या तोंडाशी जायचे असेल तर स्थानिक कोळ्यांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

फुरसे कोकणात आहे आणि ते पालापाचोळ्यात व दगडांच्या आडोशाला बसते. मोकळ्या वाळूवर ते दिसून येते. धोका सुरूच्या झाडांखालच्या पाचोळ्यात आणि लाकडांच्या ढिगात हात घालण्यात आहे. म्हणून पायांत बंद बूट असावेत, पाचोळ्यातून चालताना काठी पुढे आपटावी, आणि काहीही उचलायचे असेल तर आधी काठीने उलटावे, हे नियम मुलांना खेळासारखे शिकवावेत. दंश झालाच तर दोरीने आवळू नये, कापू नये, चोखू नये. तो अवयव हलू न देता मुलाला उचलून, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून किंवा मिळेल त्या वाहनाने सर्पदंशावरील लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. इतक्या वर्षांत मला मुलांसोबत असताना फुरसे दोनदा दिसले आणि दोन्ही वेळा ते आपल्या वाटेने गेले. बाटलीच्या काचेने कापलेले पाय मात्र मी दरवर्षी बांधतो.

आपल्या यादीत नसलेला एक धोका मी मुद्दाम सांगतो. टेकाडाच्या कड्यात बोगदा खणणे किंवा पुळणीवर खोल खड्डा करून आत बसणे हा खेळ मुलांना फार प्रिय असतो. कोरडी वाळू आवाज न करता ढासळते, आणि छातीपर्यंत वाळू आली की मोठ्या माणसालाही स्वतःहून निघता येत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याच गटातला नऊ वर्षांचा मुलगा कड्यात कमरेपर्यंत शिरला असताना वरची कड सुटली. त्याचे पाय बाहेर होते म्हणून त्याला ओढून काढता आले. मी त्या वेळी दहा पावलांवर पाठ करून इतरांना वेल दाखवत होतो. तेव्हापासून नियम एकच ठेवला आहे: गटातल्या सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल खणायचे नाही, आणि आडवे तर मुळीच खणायचे नाही. निघताना खड्डा बुजवायचा.

प्रश्न : आमच्या गावी टेकाडावर काही भागात सुरू लावलेला आहे, काही भागात नुसती वेल आहे. वेल उपटून सगळीकडे सुरू लावावा असे काहींचे मत आहे, तर काहींना समुद्र दिसावा म्हणून टेकाडच सपाट करून गाड्या लावायला जागा हवी आहे. नातवंडांना फिरवताना ती विचारतात, ‘आजोबा, कोण बरोबर?’ मी काय सांगावे? (एक आजोबा, तालुका गुहागर)

आजोबा, गाड्यांची जागा मागणाऱ्यांविषयी आपण निःशंकपणे सांगू शकता. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत वाळूच्या टेकड्यांचा समावेश सर्वांत संवेदनशील गटात, म्हणजे क्षेत्र १-अ मध्ये, केलेला आहे. त्या सपाट करणे हा मतभेदाचा विषय उरलेला नाही. नातवंडांना कायद्याऐवजी कारण हवे असेल तर त्यांना पावसाळ्याच्या उत्तरार्धात, श्रावण-भाद्रपदात, पुळणीवर न्यावे. पावसाळी लाटा पुळण खातात, कधी कधी टेकाडाचा पायथाही कापतात. ती वाळू समुद्रात थोड्या अंतरावर जाऊन बसते आणि दिवाळीनंतर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. टेकाड म्हणजे या देवघेवीतली शिल्लक आहे. शिल्लक मोडून टाकली तर पुढच्या उधाणाला समुद्र माडांच्या मुळांशी येतो, आणि मग गाव दगडांचा बंधारा मागते.

सुरूचे उत्तर इतके सोपे नाही. सुरू हे आपल्या किनाऱ्याचे मूळचे झाड नव्हे. ते आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचे असून एकोणिसाव्या शतकात कारवारच्या बाजूला त्याची लागवड सुरू झाली. त्याने सावली दिली, सरपण दिले, वारा अडवला. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्मजीव हवेतला नत्र धरतात, म्हणून ते नापीक वाळूतही वाढते. माझे स्वतःचे बालपण सुरूच्या बनात गेले असल्याने त्याच्याविषयी वाईट बोलणे मला जड जाते. परंतु त्याच्या पाचोळ्याच्या जाड थराखाली दुसरे फारसे काही रुजत नाही, हे आपण नातवंडांना प्रत्यक्ष दाखवू शकता: सुरूखालच्या एका चौरस हातात किती प्रकारची रोपटी आहेत ते मोजावे आणि वेलीच्या भागातल्या एका चौरस हातात किती आहेत ते मोजावे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात आले, तेव्हा तिकडे सुरूची झाडे मोठ्या संख्येने उन्मळून पडली आणि वाळूत त्यांची मुळे किती वरवर पसरलेली असतात ते सर्वांनी पाहिले. वेल तर आधीच जमिनीवर आडवी असते, तिला पडायला जागाच नाही.

तेव्हा माझे मत असे, की लावलेला सुरू पाठीमागच्या बाजूला असेल तर राहू द्यावा, पण समुद्राकडच्या उतारावर मर्यादवेल आणि काटेरी गवत यांनाच हात न लावता नांदू द्यावे. नातवंडांना सुरूची एक ‘सुई’ मात्र जरूर तोडायला द्या. ती पान नसून बारीक डहाळी आहे. दोन्ही टोके धरून ओढली की पेरापेरांवर टक्‌कन तुटते आणि प्रत्येक पेराशी दातांसारखी इवलाली सात-आठ पाने दिसतात. तुटलेली पेरे पुन्हा एकात एक बसवून ‘कोठे तोडली ते ओळख’ असा खेळ आम्ही खेळत असू.

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी जन्मतः दृष्टिहीन आहे. तिच्या भावाबरोबर तिलाही अशा फेरीला न्यावेसे वाटते. पण तेथे तिच्यासाठी काय असेल? (एक वडील, मडगाव)

तेथे तिच्यासाठी पुष्कळ आहे, आणि आपण राहता तेथून कोलवा, बेतालभाटी, उतोर्डा हा सलग किनारा जवळ आहे. शक्यतो हॉटेलांच्या गजबजाटापासून दूरचा भाग आणि आठवड्यातला मधला दिवस निवडावा, कारण तिला हवे असलेले आवाज बारीक आहेत.

तिला ओल्या पुळणीवरून अनवाणी सुरुवात करू द्या आणि हात न धरता, फक्त आपला आवाज बाजूला ठेवून जमिनीकडे चालू द्या. घट्ट, थंड वाळू संपून पाय रुतू लागतो ती रेषा, चढ सुरू होतो ती जागा आणि पहिली वेल पायाला लागते ती जागा या तिन्ही ठिकाणी ती आपणहून थांबेल. तिच्या बोटांना वेलीचे जाड, गुळगुळीत, दुमडलेले पान द्या आणि त्याच वेलीचे मूळ फुटलेले पेर द्या. काटेरी गवताचा फुलोरा मात्र आपण तळहातावर ठेवून, दाब न देता, वरून स्पर्श करू द्यावा. कोरड्या वाळूत हात मनगटापर्यंत खुपसला की वरचे बोट ऊन आणि खालचे बोट गार, थोडे ओलसर. टेकाडातली झाडे पाणी कोठून घेतात हे यातून जितके कळते तितके चित्रातून कळत नाही.

टेकाडाच्या माथ्यावर तिला बसवून विचारा, की समुद्राचा आवाज कोठे आहे. मग तिला पलीकडच्या उतारावर दहा पावले खाली नेऊन तेच विचारा. लाटांचा आवाज एकदम दबतो, वारा गालावरून निघून जातो आणि माडांची सळसळ वरून येऊ लागते. टेकाड वारा कसा अडवते हे तिच्या भावाला दिसणार नाही, तिला कळेल. त्यालाही तेथे डोळे मिटून बसवावे. जवळपास सुरू असेल तर त्याचा घोंघावणारा आवाज आणि माडाच्या झावळ्यांचा खडखडाट यांतला फरक दोघांना ओळखायला लावावा. पहाटे निघालात तर खेकड्यांच्या बिळांशीही थांबा. बिळाच्या तोंडाशी एका बाजूला टाकलेली वाळू पंख्यासारखी पसरलेली असते आणि बाहेर काढलेली वाळू ओलसर, गोळ्यागोळ्यांची असते. ती हाताला आजूबाजूच्या वाळूपेक्षा लगेच वेगळी लागते. बिळात बोट मात्र घालू देऊ नये, चिमटा चांगलाच बसतो.

प्रश्न : समुद्री कासवांची पिल्ले पाहायला मार्चमध्ये मुलांना वेळासला नेत आहोत. त्याच वेळी टेकाडांवरची फेरीही करता येईल का? मुलांना शंख-शिंपले आणू द्यावेत का? (एक वाचक, पुणे)

करता येईल, आणि दोन्ही एकत्र केल्याने एक गोष्ट उलगडेल. मंडणगड तालुक्यातल्या वेळास येथे सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचे काम उभे केले. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर, टेकाडाच्या पायथ्याकडच्या कोरड्या वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करून शंभरएक अंडी घालते. ही अंडी कुंपण घातलेल्या सुरक्षित जागी हलवतात आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. घरट्यातली वाळू अधिक गरम असेल तर माद्या अधिक आणि थोडी थंड असेल तर नर अधिक निपजतात. वर सांगितलेला वाळूत हात खुपसण्याचा प्रयोग केलेल्या मुलांना याचे नवल अधिक वाटेल.

आता टेकाडाचा संबंध पाहा. पिल्लू वाळूतून वर येते तेव्हा त्याला समुद्र कोठे आहे हे कोणी सांगत नाही. ते क्षितिजाच्या उजळ आणि सखल बाजूकडे जाते, म्हणजे पाठीमागच्या टेकाडाच्या आणि झाडांच्या काळ्या उंच आकारापासून दूर जाते. टेकाड सपाट करून मागे दिवे लावले की हा हिशेब उलटा होतो आणि पिल्ले रस्त्याकडे चालू लागतात. मुलांना संध्याकाळी पुळणीवर पोटावर झोपवून, पिल्लाच्या उंचीवरून दोन्ही दिशांना पाहायला लावा. कोणता बल्ब बंद करायला हवा हे ती स्वतःच बोट दाखवून सांगतील. पिल्ले समुद्राकडे सोडताना दोरीच्या मागे राहावे, विजेरी आणि फ्लॅश बंद ठेवावेत, आणि पिल्लांना उचलून पाण्यात नेण्याचा आग्रह मुलांनी धरला तरी तो मानू नये; ऑलिव्ह रिडले १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कासवे अंडी घालतात तो भाग टेकाडाच्या फेरीतून वगळावा आणि वाट कोणती ते तेथल्या कार्यकर्त्यांना विचारूनच ठरवावी. पिल्ले येणे हे त्यांच्या मर्जीवर असते. दोन मुक्काम ठेवलेत तर मुलांचा हिरमोड होण्याची शक्यता कमी.

शंखांविषयी मी थोडा कंजूष आहे. रिकामा वाटलेला शंख पुष्कळदा रिकामा नसतो. तो पालथा ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे. पाठीवर दुसऱ्याचे घर घेऊन हिंडणारा खेकडा आत असेल तर पाय बाहेर काढून चालू लागेल. शिवाय काही जातींच्या शंखांना वरील कायद्यानेच संरक्षण आहे आणि त्या ओळखणे आपल्याला किंवा मुलांना जमणार नाही. एका मुलाने एक तुटका शिंपला घ्यावा, अशी आमची पद्धत आहे. बाकीचे वहीत काढावेत. वाळू मात्र मूठभरही आणू नये, एवढेच नव्हे तर परतीच्या बसमध्ये चढण्यापूर्वी सर्वांनी बूट टेकाडाकडच्या बाजूलाच झाडावेत. पहिल्या वर्षी मुले हसतात, दुसऱ्या वर्षी कोण जास्त वाळू परत देतो याची मोजदाद करतात.